नगर, शेजार आणि सावधपण

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाची संहिता)



शाळेची साठ वर्षे निकालांच्या टक्केवारीने, इमारतीच्या मजल्यांनी किंवा स्नेहसंमेलनांच्या छायाचित्रांनी मोजता येतात. सुरतेतील मराठी शाळेची साठ वर्षे मात्र आणखी एका मापाने मोजली पाहिजेत. या काळात तिच्या विद्यार्थ्यांच्या घरांवर कोणती संकटे कोसळली, त्या वेळी मदतीला कोण धावून आले आणि संकट ओसरल्यावर शहराने त्यातून काय बोध घेतला, हे ते माप होय. हीरक महोत्सवाच्या आनंदसोहळ्यात हा विषय निवडण्यामागे एवढेच कारण आहे की, ज्या वस्त्यांतून मुले शाळेत येतात त्या वस्त्या सुरक्षित असल्या तरच शाळेच्या शिकवण्याला अर्थ उरतो.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतील मराठी घरांचा इतिहास सर्वपरिचित आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या बाजूंनी पोटापाण्यासाठी निघालेली कुटुंबे तापीच्या काठाकाठाने तिच्या मुखाशी येऊन पोहोचली. लूमवर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये आणि बाजारात कामाला लागली. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे करून राहिली. नदी गावाकडची होती, म्हणून शहर परके वाटले नाही. त्याच नदीने आणि त्याच शहराने त्यांना पुढे अनेक कठीण दिवस दाखवले. शाळेच्या अगदी आरंभकाळात, १९६८ मध्ये, तापीला मोठा पूर आला. तेव्हा उकाईचे धरण पुरे व्हावयाचे होते. १९९४ मध्ये प्लेगने शहर हादरले. २००६ मध्ये सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. २०१९ मध्ये शिकवणीला गेलेली बावीस मुले आगीत दगावली. या प्रत्येक घटनेनंतर शहर काही शिकले, हे नि:संशय. परंतु प्रत्येक धडा त्याने किंमत मोजून घेतला. किंमत मोजण्याआधी धडा घेता येईल काय, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. शिक्षण या शब्दाचा अर्थही वेगळा नाही: दुसऱ्याला बसलेल्या ठेचेवरून शहाणे होणे यालाच शिक्षण म्हणतात.

प्रथम प्लेगचा विचार करू. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळल्याचे वृत्त आले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत, वेड रोडच्या परिसरातून, फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. त्यापूर्वीच्या पावसाळी पुराने सखल वस्त्यांत पाणी साचले होते, कचरा कुजला होता आणि मेलेली जनावरे वेळेवर उचलली गेली नव्हती. मृतांची संख्या पन्नासहून अधिक झाली. काही दिवसांत लाखो माणसांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडले. पळून जाणाऱ्यांत केवळ मजूर नव्हते; कित्येक खासगी दवाखान्यांनाही कुलपे लागली. टेट्रासायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने वेळेवर बरा होणारा हा रोग. तरीही त्याने एवढे मोठे शहर रिकामे केले. लोकांना रोगापेक्षा अधिक भय वाटले ते निराधारपणाचे. औषध कोठे मिळेल, रुग्ण कोठे न्यावा, कोणाचे सांगणे खरे मानावे, याची उत्तरे देणारा विश्वासू माणूस गल्लीत नव्हता. नगराची व्यवस्था कोसळते ती अशी: रस्ते आणि इमारती जागेवर असतात, आणि विश्वास नाहीसा झालेला असतो.

पुढचे पर्व आशादायक आहे. मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून रुजू झाले. त्यांनी केलेल्या सुधारणांची देशभर चर्चा झाली. परंतु त्यांतील एकही गोष्ट चमत्काराची नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागप्रमुखाला निर्णयाचे अधिकार दिले गेले, म्हणजे गटार तुंबल्याचा कागद मुख्य कचेरीत फिरत राहू नये. अधिकाऱ्यांनी सकाळचे तास आपापल्या भागात प्रत्यक्ष फिरण्यात घालवावेत आणि दुपारी एकत्र बसून पाहिलेल्याचा हिशेब द्यावा, असा दंडक पडला. मुख्य रस्त्यांची झाडलोट रात्री होऊ लागली. तक्रारीला मुदत आली. उपाहारगृहांच्या अस्वच्छतेला दंड बसू लागला, आणि बेकायदा बांधकामे पाडताना वजनदार माणसांचीही गय केली गेली नाही. गरीब वस्त्यांत फरसबंदी, नळ आणि शौचालये पोहोचली. त्याचबरोबर रुग्णालये व दवाखाने यांच्याकडून तापाच्या रुग्णांची माहिती नियमाने गोळा होऊ लागली, म्हणजे एखाद्या गल्लीत हिवताप वाढला तर तो साथ होण्याआधीच नकाशावर दिसावा.

१९९६ मध्ये सुरतेची गणना चंदीगडखालोखाल देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. आयुक्त बदलून गेले, तरी शिस्त बऱ्याच अंशी टिकली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला, त्यामागे जवळजवळ तीन दशकांचा हा नेम आहे. एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याने शहर जागे केले, हे खरे. परंतु रोज पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगारांनी, हजेरी घेणाऱ्या मुकादमांनी आणि घरोघर फिरून ताप विचारणाऱ्या आरोग्यसेविकांनी ते जागे ठेवले. स्वागत समारंभात त्यांची नावे घेतली जात नाहीत. तरी शहराची सुरक्षितता त्यांच्याच नोंदवहीत असते.

येथे मराठी मनाला आणखी एक प्लेग आठवल्यावाचून राहणार नाही. १८९७ मध्ये पुण्यात साथ आली तेव्हा सरकारने स्वच्छतेसाठी आणि रुग्ण शोधण्यासाठी गोऱ्या सोजिरांना घरांत शिरण्याची मुभा दिली. हेतू साथ रोखण्याचा होता. पद्धत मात्र अशी की, लोक रुग्ण लपवू लागले. संशय आणि संताप वाढला, आणि त्याचे पर्यवसान काय झाले हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याच वर्षी, त्याच परिसरात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात उपचारासाठी आणत होत्या. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. देशातील एका आद्य शिक्षिकेच्या आयुष्याचा अखेरचा पाठ सार्वजनिक आरोग्याचा होता. एकाच साथीतील ही दोन चित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. शासनाचे बळ विश्वासावाचून घरात शिरले तर दारे बंद होतात. ओळखीचे माणूस दाराशी आले तर रुग्ण आपण होऊन बाहेर येतो. नगरपालिका आणि शेजार यांची सांगड घालण्याची गरज येथूनच सिद्ध होते.

आता पाण्याकडे वळू. तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि सातशे चोवीस किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाणलोटाचा मोठा भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा आणि गिरणा या तिच्या उपनद्या; म्हणजे अकोला, नाशिक, जळगाव येथे पडलेला पाऊस अखेर सुरतेच्या पुलांखालून जातो. वाटेत सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाईचे धरण आहे. त्या धरणाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा आहेत. शेतीसाठी आणि विजेसाठी ते भरलेले हवे. पूर अडवण्यासाठी ते काही प्रमाणात रिकामे हवे. ऑगस्ट २००६ च्या पहिल्या आठवड्यात पाणलोटात जोराचा पाऊस झाला, तेव्हा जलाशयात अशी मोकळी जागा पुरेशी उरली नव्हती. विसर्ग वाढवत न्यावा लागला आणि तो नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. या हिशेबाने सेकंदाला अडीच कोटी लिटर पाणी शहराकडे निघाले होते. शहरातून वाहताना नदीचे पात्र सुमारे चार लाख क्युसेकच पेलू शकते. त्यात राखी पौर्णिमा आलेली. पौर्णिमेच्या उधाणाने समुद्र नदीचे पाणी सहज पोटात घेत नव्हता. ७ ऑगस्टपासून पाणी शहरात शिरले आणि सुमारे तीन चतुर्थांश शहर त्याने व्यापले.

विसर्गाचा निर्णय कधी घ्यावयास हवा होता, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. नागरिकाच्या दृष्टीने त्याहून निकडीचे प्रश्न तीन होते: पाणी येणार हे कळले केव्हा, ते घरात किती चढेल हे कोणी सांगितले, आणि वीज व फोन बंद पडल्यावर हाक कोणाला मारावयाची? ज्या इमारतींत माणसे एकमेकांना ओळखत होती, तेथे तळमजल्यावरची बिऱ्हाडे वरच्या मजल्यांवर गेली. पिण्याचे पाणी वाटून घेतले गेले, म्हाताऱ्यांची औषधे शोधली गेली, एकाच चुलीवर अनेकांचा स्वयंपाक झाला. जेथे खोल्या भाड्याच्या आणि भाडेकरू दर सहा महिन्यांनी बदलणारे होते, तेथे कोण आत राहिले आहे हेच ठाऊक नव्हते. मदतीची होडी आली तरी तिने कोणत्या दारापुढे थांबावे, हे सांगणारा शेजारीच लागतो.

पुरानंतर झालेले काम उल्लेखनीय आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या, हवामानबदलाला तोंड देणाऱ्या आशियाई शहरांच्या उपक्रमात इंदूर व गोरखपूर यांच्यासह सुरतेचा समावेश झाला. २०१२ मध्ये सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट स्थापन झाला. पाणलोटातील पाऊस, धरणातील आवक, शहरातील पाण्याची पातळी या सगळ्यांची माहिती एकत्र आणून आगाऊ इशारा देण्याची व्यवस्था उभी करण्याचे काम त्याद्वारे झाले. किती क्युसेक सोडले तर कोणत्या भागात किती पाणी येईल, याचे नकाशे करण्यात आले. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी महापालिका, जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खाते यांच्यात बोलणे होते. पावसाळ्यात कॉजवे वाहतुकीला बंद झाला की रांदेरपासून कतारगामपर्यंत सर्वांना नदीची अवस्था समजते. होप पुलाजवळची साडेनऊ मीटरची धोक्याची पातळी तर कित्येक घरांत तोंडपाठ आहे. नदीकाठच्या बांधांतून शहराचे पावसाळी नाले जेथे नदीला मिळतात, तेथे दारे बसवलेली आहेत. नदी चढली की ती बंद करावी लागतात, अन्यथा नाल्यातून उलटे पाणी शहरात येते. दारे बंद असताना शहरात पाऊस झाला तर साठलेले पाणी पंपांनी उपसावे लागते. म्हणजे एखाद्या पंपाची मे महिन्यातील दुरुस्ती हीच ऑगस्टमधील एखाद्या गल्लीची सुटका असते.

तथापि मोठ्या पुराचा अभ्यास झाला म्हणून लहान पुराची काळजी मिटत नाही. लिंबायत आणि परिसरातील पालकांना मिठी खाडीचा अनुभव सांगावयास नको. तापीचा पूर धरणावरून येतो, म्हणून त्याची सूचना काही तास आधी मिळू शकते. खाडीचा पूर जवळच्या पावसाने येतो आणि पाहता पाहता गुडघ्यापर्यंत चढतो. त्याला आकाश जबाबदार आहे, तसे काठही जबाबदार आहेत. काठावर भराव पडले, बांधकामे झाली, पात्र अरुंद झाले. त्यात कापडाच्या चिंध्या, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या जाऊन पडल्या. खाडीतील गाळ पावसापूर्वी काढणे, काठावरील अतिक्रमणे हटवणे आणि तसे करताना तेथील गरीब कुटुंबांना दुसरा निवारा देणे, ही महापालिकेची कर्तव्ये आहेत आणि त्यांचा जाब विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. परंतु जो हात जाब विचारण्यासाठी उठतो, त्याच हाताने सकाळी कचऱ्याची पिशवी पुलावरून खाली टाकली असेल, तर त्या प्रश्नाचे बळ अर्धे होते.

यापुढचा प्रसंग कोणत्याही शाळेला सांगताना जड वाटावा असा आहे. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या व्यापारी इमारतीला आग लागली. सर्वांत वर, गच्चीवर उभारलेल्या बांधकामात खासगी वर्ग चालत होता. खाली उतरण्याचा मार्ग ज्वाळांनी आणि धुराने अडला. मुलांनी वरून उड्या घेतल्या. बावीस विद्यार्थी गेले. अग्निशमन दलाच्या शिड्या आवश्यक उंचीपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत, हे देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. इमारतीच्या आणि वर्गाच्या चालकांवर खटले भरले गेले. महापालिकेच्या व अग्निशमन खात्याच्या काही अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली.

प्लेगने स्वच्छता शिकवली होती, पुराने पाण्याची पातळी मोजावयास शिकवले होते. जिना कोणी तपासला नव्हता. शहर नेहमी मागच्या संकटाची तयारी करते, ही या घटनेतून दिसलेली सर्वांत कठोर गोष्ट आहे. त्यानंतर राज्यभर शिकवणी वर्ग तपासले गेले, काही बंद झाले, काहींनी अग्निशामक यंत्रे बसवली. तरीही २५ मे २०२४ रोजी, म्हणजे बरोबर पाच वर्षे आणि एका दिवसाने, राजकोटच्या एका खेळघरात आग लागली आणि सत्तावीस माणसे प्राणास मुकली. त्यांत मुलेही होती. एका शहराने रक्ताने लिहिलेला धडा त्याच राज्यातील दुसऱ्या शहराने वाचला नाही. त्याआधी, १६ जुलै २००४ रोजी, तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत चौऱ्याण्णव बालके जळून गेली होती. त्या दुर्घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला की, शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. हा निर्णय प्रत्येक पालकाला ठाऊक असला पाहिजे. शिकवणीची फी आणि निकाल विचारणाऱ्या पालकाने दुसरा जिना कोठे आहे, हेही विचारले पाहिजे. तो प्रश्न विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. उत्तर न मिळाल्यास मुलाला तेथे न पाठवणे हाच शहाणपणा आहे.

या सर्व बाबतींत कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात पाहणे उचित होईल. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक अधिष्ठान दिले. बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, घनकचरा व्यवस्थापन आणि अग्निशमन सेवा यांचा समावेश आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थानिक संस्थांवर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची, साधने सदैव सज्ज ठेवण्याची आणि आपल्या अखत्यारीतील बांधकामे सुरक्षिततेच्या मानकांप्रमाणे होतात हे पाहण्याची जबाबदारी टाकली. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. राष्ट्रीय पातळीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'आपदा मित्र' योजनेत सामान्य नागरिकांना बचावकार्याचे शिक्षण दिले जाते. कायद्याची चौकट उभी आहे. चौकटीत दार बसवण्याचे काम मात्र प्रभागात, गल्लीत आणि सोसायटीत व्हावयाचे आहे.

त्या कामात मराठी शाळेचे स्थान कोणते? सुरत हे अनेक भाषांचे शहर आहे. महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते, ही तिची उदारता आणि दूरदृष्टी होय. परंतु संकटाची सूचना प्रथम बहुधा गुजरातीत निघते. या मातीत जन्मलेल्या मराठी मुलाला ती सहज वाचता येते. कालच चाळीसगावहून अथवा शिरपूरहून आलेल्या मजुराच्या पत्नीला ती वाचता येईलच असे नाही. धोक्याची पातळी, पाणी उकळून पिण्याची सूचना, लसीकरणाची तारीख, निवारा केंद्राचा पत्ता या गोष्टी मातृभाषेत आणि ओळखीच्या तोंडून कळल्या तर त्या पटतात. चौथीतील मुलगी शाळेतून ऐकून आईला सांगते, आई ओट्यावर बसलेल्या चार जणींना सांगते, आणि तासाभरात ती गोष्ट सबंध गल्लीला ठाऊक होते. कोणत्याही ध्वनिक्षेपकाला हे साधत नाही. परप्रांतातील मातृभाषेच्या शाळेचे समर्थन सहसा संस्कृतीच्या नावाने केले जाते. ते योग्यच आहे. पण पुराच्या रात्री तीच भाषा जीवरक्षक ठरू शकते, हेही त्या समर्थनात समाविष्ट व्हावे. त्याचबरोबर प्रत्येक मराठी मुलाला उत्तम गुजराती आलेच पाहिजे, कारण नगरसेवकाशी, विभागीय कचेरीशी आणि शेजारच्या काकांशी बोलण्याची ती भाषा आहे. एक भाषा घराला जोडते आणि दुसरी नगराला. सुरक्षिततेसाठी दोन्ही हव्यात.

माजी विद्यार्थ्यांविषयी विशेष अपेक्षा बाळगणे अस्थानी होणार नाही. या शाळेतून गेलेल्यांत कोणी परिचारिका झाल्या, कोणी विजेची कामे करतात, कोणी रिक्षा चालवतात, कोणी अभियंते, वकील, औषधविक्रेते आहेत. महोत्सवाच्या निमित्ताने त्यांचे पत्ते एकत्र आले आहेत. ती यादी देणग्यांपुरती वापरली तर तिचा अर्धाच उपयोग झाला. कोणत्या भागात कोण राहतो, रात्री दोन वाजता कोणाला हाक मारता येईल, होडी चालवणे अथवा प्रथमोपचार कोणाला अवगत आहेत, हे त्याच यादीत आणखी एका रकान्यात लिहिता येईल. अशी यादी महापालिकेच्या विभागीय कचेरीला दिली, तर शासनाला शेजार सापडेल आणि शेजाराला शासन.

या दृष्टीने तीन अत्यंत साध्या सूचना सभेपुढे ठेवण्यासारख्या आहेत. पहिली सूचना पालकसभेची. जूनच्या पहिल्या सभेत प्रवेश, गणवेश आणि वह्या यांच्याबरोबर पावसाळ्याचा विषय असावा. विभागीय कचेरीतील एखाद्या अधिकाऱ्याला सन्मानाने बोलवावे. त्या भागातील नाल्यांची सफाई झाली काय, पंप कोठे आहेत, निवारा केंद्र कोणते, हे त्यांनी सांगावे आणि पालकांनी लिहून घ्यावे. वर्षातून एकदा समोरासमोर बसलेली माणसे संकटात एकमेकांचे फोन उचलतात.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी. आठवी-नववीच्या मुलांनी भूगोलाचा प्रकल्प म्हणून आपल्या गल्लीचा नकाशा काढावा. २००६ मध्ये पाणी कोठवर चढले होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भिंतीवरच्या खुणेसह नोंदवावे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोठे नुकतीच बाळंतीण आहे, कोणता जिना कायम सामानाने अडलेला असतो, गॅसच्या टाक्या कोठे साठवल्या आहेत, हे त्यात दाखवावे. घरांची अशी खासगी माहिती चव्हाट्यावर येऊ नये, यासाठी तो नकाशा शिक्षकांपाशी जपून ठेवावा. १०१, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक मुलांना पाढ्यांसारखे पाठ असावेत. वर्षातून दोनदा वर्ग रिकामे करण्याचा सराव व्हावा आणि तो हसण्यावारी नेला जाऊ नये.

तिसरी सूचना कृतज्ञतेची आहे. दर वर्षी शिक्षकदिनी शिक्षकांचा गौरव होतो. तसाच एके दिवशी त्या भागातील सफाई कामगार, मुकादम, आरोग्यसेविका आणि अग्निशमन दलातील जवान यांना शाळेत बोलावून मुलांशी बोलावयास सांगावे. गटारात उतरताना कोणता वायू जीव घेतो, धुरात माणसाने वाकून का चालावे, डासांच्या अळ्या कुलरच्या पाण्यात कशा वाढतात, हे त्यांच्याकडून ऐकलेले मूल कधी विसरणार नाही. आणि ज्यांना समाज नावानिशी ओळखत नाही, त्यांना मुले नावाने ओळखू लागतील. त्यांच्या कामाला मान मिळाला तर त्यांच्या हातमोज्यांची, बुटांची आणि वेळेवरच्या वेतनाची मागणीही समाज आपली म्हणून करू लागेल.

नगराच्या सुरक्षिततेची खरी कसोटी संकटाच्या दिवशी लागत नाही. त्या दिवशी सर्वांचीच धावपळ असते आणि पुष्कळजण शौर्य दाखवतात. कसोटी लागते ती काहीच घडले नाही अशा वर्षी. पूर आला नाही म्हणून नाल्याची सफाई पुढे ढकलली जाते, आग लागली नाही म्हणून जिन्यात खोकी ठेवली जातात, साथ नाही म्हणून आरोग्यसेविकेला दारातूनच परत पाठवले जाते. असे निवांत वर्ष जे नगर सावधपणे घालवते, त्याला पुढच्या संकटात कमी किंमत द्यावी लागते. शाळेला ही रीत नवी नाही. परीक्षा मार्चमध्ये असली तरी अभ्यास जूनपासून करावा लागतो, हे तिने साठ वर्षे सांगितले आहे.

येणाऱ्या जूनच्या पालकसभेत पहिल्या सूचनेची अंमलबजावणी झाली, तर या महोत्सवाचे एक कार्य सिद्धीस गेले असे म्हणता येईल.